पोकळी, छुप्या मिती आणि मंदावणारं घड्याळ: तिघांचं मूळ एकच असेल का?

तेजोमेघ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस एक विचार डोक्यात घोळतोय तो इथे मांडतो, वाचून बिनधास्त चिरफाड करा पण आकड्यांनिशी करा ही विनंती.

आपण शाळेपासून ऐकत आलो की वेगाने जाणाऱ्या घड्याळाचा काळ मंदावतो आणि जड वस्तूजवळ ठेवलेल्या घड्याळाचाही मंदावतो. गणित आहे, प्रयोग आहेत, मान्य. पण मंदावतो म्हणजे नक्की काय होतं? आइन्स्टाइनचं उत्तर असं की अवकाश-काळाची भूमितीच तशी आहे. मला प्रश्न पडतो की ती भूमिती कशाची बनलीय. क्वांटम सिद्धांत सांगतो की रिकामी जागा रिकामी नसतेच, विद्युतचुंबकीय वगैरे सगळी क्षेत्रं तिथे सतत थरथरत असतात, पूर्ण शांत कधीच होत नाहीत. मग जड वस्तूजवळ ही पोकळी 'दाट' होत असेल, पाण्यात शिरल्यावर प्रकाश मंदावतो तसा तिच्यातून जाताना मंदावत असेल, आणि अणूंचं सगळं कामकाज विद्युतचुंबकीय बलावर चालत असल्यामुळे घड्याळंही त्याच प्रमाणात मंद होत असतील, असं का नसावं?

हे मी हवेतून काढलेलं नाही. रशियाच्या आंद्रेई साखारोव्ह यांनी १९६७ साली मांडलं होतं की गुरुत्वाकर्षण हे मूळ बलच नसावं, क्वांटम पोकळीच्या एक प्रकारच्या लवचिकपणातून ते वर येत असावं. हायड्रोजन बॉम्बवर काम केलेले आणि नंतर शांततेचं नोबेल मिळालेले तेच साखारोव्ह. म्हणजे कल्पना जुनी आहे आणि खूप मोठ्या माणसाची आहे.

दुसरा भाग छुप्या मितींचा. असं म्हणतात की प्रत्येक वस्तू अवकाश-काळातून एकूण प्रकाशवेगानेच जात असते, अवकाशात जास्त गेली की काळाच्या वाट्याला कमी येतं. मग त्यातला काही वाटा आपल्याला न दिसणाऱ्या पाचव्या-सहाव्या मितीत जात असेल तर?

या तिन्ही गोष्टी एकत्र बांधता येतील का, तुमचं मत सांगा.

पाणचक्की

छान धागा, वाचतेय. विज्ञानाची नाही मी, त्यामुळे बाळबोध प्रश्न विचारते. काळ खरंच मंदावतो की फक्त घड्याळ मंद चालतं? माझं भिंतीवरचं घड्याळ सेल संपत आला की मागे पडतं म्हणून काही काळ मंदावत नाही ना.

घड्याळजी

पाणचक्की ताई, प्रश्न बाळबोध अजिबात नाही, सगळा धागा त्याच्यावरच उभा आहे.

१९७१ च्या ऑक्टोबरात हाफेले आणि कीटिंग या दोघांनी सीझियमची चार अणुघड्याळं साध्या प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली, एकदा पूर्वेकडे, एकदा पश्चिमेकडे. घड्याळांसाठी चक्क वेगळ्या सीटची तिकिटं काढली होती. परत आणून वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेतल्या घड्याळांशी ताडून पाहिली तर पूर्वेकडे गेलेली ५९ नॅनोसेकंद मागे आणि पश्चिमेकडे गेलेली २७३ नॅनोसेकंद पुढे. गणिताने अंदाज होता ४० मागे आणि २७५ पुढे, दोन्हीकडे कमीजास्त वीसेक नॅनोसेकंद धरून. पृथ्वी स्वतः पूर्वेकडे फिरते म्हणून पूर्वेच्या विमानाचा एकूण वेग जास्त पडतो, पश्चिमेच्या विमानाचा कमी, आणि दोन्हीकडे उंचीमुळे घड्याळ थोडं पुढे जातं, हे सगळं त्या दोन आकड्यांत आलंय.

आता कोणी म्हणेल विमानातल्या गचक्यांनी घड्याळ बिघडलं असेल. म्हणून म्युऑन बघा. हा कण वातावरणात साधारण १५ किमी उंचीवर तयार होतो आणि स्थिर असेल तर सरासरी २.२ मायक्रोसेकंदांत फुटतो. एवढ्या वेळात प्रकाशवेगाने गेला तरी ६६० मीटर जाईल, म्हणजे जमिनीवर जवळपास एकही पोचायला नको, पण हे वाचताना तुमच्या तळहातातून म्युऑन जातायत. युरोपच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत १९७७ साली म्युऑन एका कड्यात फिरवत ठेवले, प्रकाशवेगाच्या इतके जवळ की काळ २९ पट मंदावायला हवा, आणि त्यांचं आयुष्य ६४ मायक्रोसेकंदांवर गेलं. म्युऑनला ना सेल ना चक्रं. शिवाय तो फुटतो ते क्षीण बलामुळे (निसर्गातल्या मूळ बलांपैकी एक), सीझियमचं घड्याळ चालतं विद्युतचुंबकीय बलावर. यंत्रणा पूर्ण वेगळ्या, नियम तोच. म्हणून आम्ही म्हणतो की काळच मंदावतो.

रोजच्या वापरातलं सांगायचं तर जीपीएसची घड्याळं वेगामुळे दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे आणि उंचीमुळे ४५ पुढे, निव्वळ ३८ पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात चूक ११ किमीच्या घरात जाईल. आपल्या नाविक या देशी दिशादर्शन प्रणालीचे उपग्रह ३६ हजार किमीवर, तिथे उंचीचा परिणाम जास्त आणि वेगाचा कमी, निव्वळ साधारण ४६ मायक्रोसेकंद येतात. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये आपलं देशी रुबिडियम घड्याळ आहे, त्यालाही हाच हिशोब.

तेजोमेघ

घड्याळजी, हेच तर माझ्या बाजूचं आहे ना! सगळ्या यंत्रणा एकाच प्रमाणात मंदावतात कारण सगळ्या एकाच पोकळीत बसल्यात.

घड्याळजी

तसं म्हणता येईल, पण मग पोकळीने विद्युतचुंबकीय, क्षीण आणि अणुकेंद्रातल्या प्रबळ बलाला काटेकोर सारखंच वागवलं पाहिजे, आणि ते का, हे तुमच्या कल्पनेला सांगावं लागेल. आइन्स्टाइनच्या भूमितीत ते आपोआप येतं.

हे किती काटेकोर तपासलंय बघा. पृथ्वी जानेवारीत सूर्याजवळ असते आणि जुलैत लांब, त्यामुळे पृथ्वीवरचं प्रत्येक घड्याळ वर्षभरात सूर्याच्या गुरुत्वाच्या खड्ड्यात थोडं खाली-वर होतं. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेतल्या लोकांनी हायड्रोजन मेसर (हेही अणुघड्याळच) आणि सीझियम घड्याळं यांची १४ वर्षांची नोंद काढून पाहिली की दोघांचं गुणोत्तर या खाली-वर होण्याबरोबर हलतं का. २०१८ साली निकाल छापला. मंदावण्यात फरक असलाच तर एक कोटीत काही भाग, म्हणजे मोजमापाच्या अनिश्चिततेतच बुडालेला. तुमची पोकळी वेगवेगळ्या अणूंशी किंचितही वेगळं वागत असती तर तिथे दिसलं असतं.

शर्मिष्ठा_भौतिक

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. तेजोमेघ, तुमच्या 'दाट पोकळी'च्या कल्पनेशी मिळतंजुळतं गणित खुद्द आइन्स्टाइनने १९११ साली केलं होतं आणि मला ती गोष्ट फार आवडते म्हणून सविस्तर लिहिते.

तेव्हा सामान्य सापेक्षता, म्हणजे त्याचा गुरुत्वाचा सिद्धांत, पूर्ण व्हायची होती. त्याने एवढंच धरलं की सूर्याजवळ काळ मंदावतो म्हणून प्रकाश तिथे हळू जातो आणि भिंगात वळतो तसा वळतो. सूर्याच्या कडेला लागून येणाऱ्या ताऱ्याच्या प्रकाशाचा बाक त्याने काढला ०.८३ विकला, अचूक आकडे घातले तर सुमारे ०.८७ (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). तो तपासायला फ्रॉइंडलिश हा जर्मन खगोलशास्त्रज्ञ २१ ऑगस्ट १९१४ च्या सूर्यग्रहणासाठी क्रिमियाला गेला. मधेच महायुद्ध पेटलं, जर्मन माणूस दुर्बिणी घेऊन रशियात, झाली अटक. अमेरिकन चमू कीव्हजवळ होता, त्यांच्यावर ढग आले. मोजमाप झालंच नाही.

१९१५ मध्ये पूर्ण सिद्धांत आला आणि बाक दुप्पट निघाला, १.७५ विकला. कारण सूर्याजवळ नुसता काळ मंदावत नाही, अवकाशही वाकतं, आणि प्रकाशाच्या बाबतीत दोघांचा वाटा समसमान पडतो. २९ मे १९१९ च्या ग्रहणात एडिंग्टन प्रिन्सिपे बेटावर आणि दुसरा गट ब्राझीलमध्ये सोब्रालला, दोघांची मोजमापं दुपटीच्या बाजूने गेली, आणि त्यानंतर रेडिओ दुर्बिणींनी ती दुप्पट फार बारकाईने पक्की केलीय.

म्हणजे 'पोकळी दाट झाली म्हणून घड्याळ मंद' एवढंच म्हणाल तर उत्तर निम्मं येतं. पोकळीने मोजपट्ट्यासुद्धा तेवढ्याच आखूड करायला हव्यात. (मंद होण्याचं प्रमाणही सांगून ठेवते, सूर्याच्या पृष्ठभागावर घड्याळ टिकलं असतं तर लांबच्या घड्याळापेक्षा वर्षाला साधारण ६७ सेकंद मागे पडलं असतं.)

तेजोमेघ

वा, हे १९१४ चं माहीत नव्हतं. बरं मग पट्ट्याही आखूड होतात असं धरू. पोकळीचा अपवर्तनांक (प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा) दुप्पट वेगाने वाढतो असं धरलं की १.७५ मिळतात, आणि असे 'ध्रुवीभूत पोकळी'चे प्रयत्न झालेतही. मग माझी कल्पना वाचली का?

शर्मिष्ठा_भौतिक

सूर्यमालेपुरती वाचते, कारण तुम्ही ती सापेक्षतेच्या उत्तराला जुळवूनच घेतलीत. आता ती वेगळं काय सांगते ते शोधायला हवं, आणि ती जागा म्हणजे गुरुत्वलहरी, अवकाश-काळातच उठणाऱ्या लाटा.

अपवर्तनांक म्हणजे प्रत्येक ठिकाणी एक आकडा. आकडा लहरू लागला तर त्याची लाट सगळ्या बाजूंनी एकसारखी ताणेल-दाबेल. सापेक्षतेतली लाट तशी नसते, ती एका दिशेला ताणताना तिला काटकोनातल्या दिशेला दाबते. १४ ऑगस्ट २०१७ ला पहिल्यांदा अमेरिकेतले लायगोचे दोन आणि इटलीतला व्हर्गो असे तीन शोधक एकाच वेळी लाट पकडू शकले, लायगोचे दोन जवळपास एकाच रोखाचे पण व्हर्गोचा रोख वेगळा, त्यामुळे लाट कोणत्या जातीची ते पारखता आलं. निकाल ताणणाऱ्या-दाबणाऱ्या लाटेच्या बाजूने, एकसारख्या लाटेच्या स्पष्ट विरोधात गेला. तीनच दिवसांनी आलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या लाटेने तो अजून घट्ट केला.

तेव्हा एका आकड्याची पोकळी पुरत नाही. साखारोव्हची मूळ कल्पना मात्र यात मरत नाही हे लक्षात घ्या, कारण तो पोकळीतून पूर्ण वक्र भूमितीच उगवते म्हणत होता, नुसता अपवर्तनांक नव्हे. तिची अडचण अशी की ती अजून असा एकही आकडा देत नाही जो आइन्स्टाइनपेक्षा वेगळा असेल आणि मोजता येईल.

मोगरा७

इतकं सगळं वाचून राहवत नाही म्हणून लिहिते. आपल्या पुराणात राजा ककुद्मी मुलगी रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी जातो, तिथे गाणं संपेपर्यंत थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटतात. मग रेवतीचं लग्न बलरामाशी होतं. आजीने सांगितलेली गोष्ट. हेच टाइम डायलेशन नाही का?

घड्याळजी

मोगरा ताई, फार सुंदर गोष्ट आहे आणि काळ सगळीकडे सारखा वाहत नाही ही कल्पना माणसाला इतक्या आधी सुचली याचं मला खरंच अप्रूप वाटतं. पण गोष्टीत किती वेगाला किंवा किती खोल खड्ड्यात किती मंद याचा संबंध दिलेला नाही, त्यामुळे ती घेऊन नाविकचं घड्याळ लावता येत नाही. गोष्ट म्हणून मुलांना जरूर सांगा, मी सांगतो.

कोकणकडा

मितींबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी.

पाचव्या मितीची कल्पना कालुझाने १९१९ मध्ये आइन्स्टाइनला पत्राने कळवली, लेख छापून आला १९२१ ला. त्याने सामान्य सापेक्षता चारऐवजी पाच मितींत लिहिली तर मॅक्सवेलची विद्युतचुंबकत्वाची समीकरणं आपोआप बाहेर पडली, हे मला आजही थरारक वाटतं. १९२६ मध्ये क्लाइनने सांगितलं की ती मिती गुंडाळलेली आहे, वर्तुळ इतकं बारीक की साधारण १० चा उणे ३२ वा घात मीटर, म्हणून दिसत नाही.

आता तेजोमेघ यांचा प्रश्न, वेगाचा वाटा छुप्या मितीत गेला तर. याला उत्तर आहे आणि छान आहे. कण पाचव्या मितीत फिरू लागला तर आपल्याला ती गती दिसत नाही, तो कण जड झालेला दिसतो, आणि मिती गुंडाळलेली असल्यामुळे वाट्टेल तेवढं वजन वाढत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी वाढतं. म्हणजे प्रत्येक ओळखीच्या कणाची जड भावंडं दिसायला हवीत. सर्नच्या एलएचसी या कण आदळवणाऱ्या महाकाय यंत्रात ती शोधली, अजून सापडली नाहीत. काळ मंदावण्याचं काम हा वाटा करत असता तर वेगवान म्युऑनचा हिशोब चुकला असता, आणि तो चुकत नाही.

१९९८ मध्ये आर्कानी-हामेद, दिमोपुलोस आणि द्वाली यांनी मात्र धाडसी कल्पना मांडली की छुप्या मिती चक्क मिलिमीटरएवढ्या मोठ्या असू शकतील, फक्त गुरुत्वच त्यात शिरतं आणि म्हणून ते आपल्याला इतकं दुबळं वाटतं. इथे कल्पना आणि आकडा एकत्र आले! कारण मग अगदी जवळच्या अंतरावर न्यूटनचा वर्गव्यस्ताचा नियम (अंतर दुप्पट केलं की ओढ एक चतुर्थांश) मोडायला हवा. सिएटलच्या विद्यापीठातल्या गटाने पिळाच्या तराजूवर (बारीक तारेला टांगलेला, किंचित ओढीनेही पिळणारा तराजू) चकत्या एकमेकींच्या जवळ आणत आणत २०२० मध्ये ५२ मायक्रोमीटरपर्यंत मोजलं, केसाच्या जाडीएवढं अंतर, तिथेही न्यूटन तसाच उभा. सगळ्यात मोठी छुपी मिती असलीच तर ३० मायक्रोमीटरहून लहान.

आणि वर शर्मिष्ठा ताईंनी सांगितलेल्या १७ ऑगस्ट २०१७ च्या लाटेने दुसऱ्या टोकाने तपासलं. १३ कोटी प्रकाशवर्षांवरून आली ती, गॅमा किरण तिच्यामागोमाग १.७ सेकंदांनी. गुरुत्व मोठ्या जादा मितीत गळत असतं तर लाट जेवढी असायला हवी त्यापेक्षा क्षीण पोचली असती. लाटेच्या जोरावरून काढलेलं अंतर आणि ती जिथून आली त्या दीर्घिकेचं अंतर जुळलं, गळती दिसली नाही.

वायरमन

पोकळीत एवढी ऊर्जा आहे म्हणता तर ती काढता का येत नाही? यूट्यूबवर झिरो पॉइंट एनर्जीचे जनरेटर दाखवतात, लोक पैसे भरतात. खरं काय ते इथल्या जाणत्यांनी सांगावं, आमच्या भागात एकजण एजन्सी घ्यायच्या विचारात आहे.

घड्याळजी

वायरमन दादा, त्यांना कृपा करून थांबवा. आकडे देतो, ते त्यांना दाखवा.

पोकळीच्या थरथरीचा जो परिणाम खरोखर मोजलाय तो कॅसिमिर परिणाम. हेंड्रिक कॅसिमिरने १९४८ मध्ये गणित केलं की दोन गुळगुळीत धातूच्या प्लेटा अगदी जवळ आणल्या तर त्या आपोआप एकमेकींकडे ओढल्या जातील, आणि १९९७ मध्ये लॅमोरोने नीट मोजून दाखवलं. फट १ मायक्रोमीटर असेल तर ओढ एक पास्कलच्या हजाराव्या भागाएवढी, १० नॅनोमीटर केली तर हवेच्या दाबाएवढी, कारण अंतर दहापट कमी झालं की ओढ दहा हजार पट वाढते.

आता ऊर्जा. एक चौरस मीटरच्या आदर्श प्लेटा लांबून आणून १० नॅनोमीटरवर सोडल्या तर मिळतात सुमारे ०.०००४३ जूल. मोबाइलची बॅटरी एकदा भरायला साधारण ५५ हजार जूल लागतात. भागाकार करा, प्लेटा लागतील जवळपास १२८ चौरस किलोमीटरच्या, आणि त्याही एकदाच उपयोगी, कारण दुसऱ्यांदा ऊर्जा काढायला त्या आधी ओढून लांब कराव्या लागतात आणि त्यात मिळालेली सगळी परत जाते. पोकळी ही सगळ्यात खालची पातळी आहे, तिच्याखाली उतरायला जागा नाही. जनरेटर विकणाऱ्याला एवढंच विचारायचं की बंद खोलीत, बाहेरच्या वायरीशिवाय, महिनाभर एक दिवा लावून दाखव.

वायरमन

लाख धन्यवाद. प्रिंट काढून नेतो.

अवनी_नारायणगाव

आमच्या इथून खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डिश दिसतात, म्हणून या धाग्यात एक भर. ४५ मीटरच्या तीस डिश आहेत, आणि पल्सारांची टिकटिक वर्षानुवर्षं नोंदवणारा भारतीय गट ह्याच दुर्बिणीवर काम करतो. पल्सार म्हणजे फिरणारा मेलेला तारा, त्याचे स्पंद इतके नेमाने येतात की त्यांना घड्याळ म्हणून वापरतात.

तिथे काम करणाऱ्या एकांनी समजावलं होतं की स्पंद कधी आला हे लिहिल्यावर पहिलं काम म्हणजे आपलंच घड्याळ दुरुस्त करणं. घड्याळजींनी वर लिहिलं तेच, पृथ्वी सूर्याच्या जवळ-लांब होते आणि तिचा वेगही बदलतो, त्यामुळे आपला काळ वर्षभरात १.६ मिलिसेकंदांच्या आसपास पुढेमागे होतो. तो वजा करायचा. पल्सार सूर्याच्या मागून जात असेल तर स्पंद सूर्याजवळून येताना १०० मायक्रोसेकंदांहून जास्त उशिरा येतो, तोही वजा करायचा. सगळं वजा करून जे उरतं त्यात त्यांना मायक्रोसेकंदाहून लहान गोष्टी शोधायच्या असतात. २९ जून २०२३ ला युरोपच्या गटाबरोबर त्यांनी जाहीर केलं की फार संथ गुरुत्वलहरींच्या पार्श्वभूमीचा पुरावा दिसतोय, एकेक लाट यायला वर्षं लागतात अशा. टाइम डायलेशन हा इथे चर्चेचा विषय नाही, रोजची वजाबाकी आहे, मला त्याचा फार अभिमान वाटतो.

तेजोमेघ

अवनी ताई, सुरेख. सगळ्यांचे आभार, एवढं पदरात पडेल असं वाटलं नव्हतं.

छुप्या मितींचा भाग मी बाजूला ठेवतो, कोकणकडा यांचं म्हणणं पटलं. एका आकड्याची पोकळीही सोडतो. पण साखारोव्हची गाठ सुटलेली नाही असं मला अजून वाटतं आणि त्याचं कारण सांगतो. पोकळीच्या थरथरीची ऊर्जा सरळ गणिताने मोजली तर आकाशात दिसणाऱ्या आकड्याच्या १० चा १२० वा घात इतके पट येते. विश्वाचं प्रसरण वाढतंय हे १९९८ मध्ये कळलं, त्यावरून रिकाम्या जागेची ऊर्जा निघते दर घनमीटरला जूलच्या अब्जाव्या भागाहूनही कमी. म्हणजे एकतर पोकळीची थरथर गुरुत्वाला दिसतच नाही किंवा आपल्याला काहीतरी मुळातलं कळलेलं नाही. पोकळीला वजन आहे की नाही हे कोणी थेट मोजतंय का?

शर्मिष्ठा_भौतिक

मोजतायत! आर्किमिडीज नावाचा प्रयोग आहे, इटलीत सार्डिनिया बेटावर सोस एनात्तोसची जुनी खाण आहे तिथे, कारण ती जागा भूकंपाच्या दृष्टीने अतिशय शांत आहे. थरांचा अतिवाहक (थंड केल्यावर वीज विनारोध वाहू देणारा) पदार्थ घ्यायचा, त्याचे थर म्हणजे कॅसिमिरच्या प्लेटाच. तापमान थोडं खालीवर केलं की तो अतिवाहक होतो आणि पुन्हा साधा होतो, प्रत्येक वेळी थरांमधली पोकळीची ऊर्जा बदलते, आणि तराजूच्या दांडीला टांगून बघायचं की वजन त्याच तालात हलतं का.

किती बारीक मोजायचंय याचा अंदाज यावा म्हणून वरचाच आकडा वापरते. ०.०००४३ जूल म्हणजे वस्तुमानात सुमारे ५ गुणिले १० चा उणे २१ वा घात किलो, साधारण १५ हजार सोन्याच्या अणूंएवढं, आणि तेही वजा. चौरस मीटरच्या प्लेटांची जोडी तेवढ्याने हलकी व्हायला हवी. म्हणून एक जोडी पुरत नाही, थरावर थर लागतात.

वजन हललं तर पोकळीची थरथर गुरुत्वाला दिसते हे ठरेल आणि ते १२० घाताचं कोडं अजून अवघड होईल. नाही हललं तर सामान्य सापेक्षतेच्या पायालाच हात घालावा लागेल, आणि मग साखारोव्हसारख्यांच्या वाटा नव्याने उघडतील.

तेजोमेघ

मग मला काम मिळालं. पोकळी 'लवचिक' धरली तर त्या थरांचं वजन हलायला हवं की नाही, आणि हललं तर किती, याचं गणित करून इथेच टाकतो, शर्मिष्ठा ताई तुम्ही तपासाल ना?

शर्मिष्ठा_भौतिक

जरूर. एककं आणि चिन्हं प्रत्येक पायरीला लिहा, वजा चिन्ह इथे सगळ्यात महत्त्वाचं आहे.